हिवाळ्यात एका रात्रीच्या ट्रेकसाठी सॅक कशी भरावी? स्लीपिंग बॅग चांगली असेल तर जाड मॅट लागते का?

तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. दोघं जण, एका रात्रीचा मुक्काम, प्रत्येकाची सॅक 10 किलोच्या आत बसवायचीय, आणि बायको जाड मॅट आणि एक जादाचं जॅकेट घ्यायचा हट्ट धरून बसलीय, तर "तिला कसं पटवून देऊ". कोणी कोणाला पटवायचंय हेच तुम्ही उलटं धरलंय, म्हणून लिहायला बसले.

मॅट न्यायची. जाडच न्यायची. तिची तर न्यायचीच, तुमचीही न्यायची. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण "बॅग उणे 5 ची आहे (म्हणजे लेबलवर उणे 5 डिग्री लिहिलंय), मग खाली मॅट कशाला" असं जे तुम्ही लिहिलंय ना, ते वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधी मला कळतं पुढे काय येणार ते.

माझा नवरा कॉलेजपासून डोंगर चढतो, मी लग्नानंतर चढायला लागले, त्यामुळे सामानाचा सगळा कारभार आपोआप त्याच्याकडे. त्याच्याकडे तो हुकवाला वजनकाटा आहे. सॅक हुकला अडकवायची, एका हाताने वर उचलायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, हा कार्यक्रम तो इतक्या भक्तिभावाने करतो की बघत राहावं. तर हिवाळ्यातल्या एका ट्रेकच्या आदल्या रात्री माझी सॅक 11 च्या वर गेली. "अगं एक रात्र राहायचंय, संसार थाटायचा नाहीये." मी म्हटलं, मॅट आहे, फ्लीस आहे, कोरडे मोजे आहेत, यातलं काहीही निघणार नाही. त्यावर नेहमीचं लेक्चर झालं, की तुम्हा बायकांना थंडी जरा जास्तच वाजते, ते सगळं मनावर असतं, वगैरे. मी ऐकून घेतलं आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या जागी पोचलो, सूर्य कड्याआड गेला आणि बघता बघता हवा बदलली. टेंट लावला, सॅक उघडली, मॅट गायब. जिथे मॅटची गुंडाळी होती तिथे याची कॅमेऱ्याची मोठी लेन्स, मोज्यात नीट गुंडाळलेली. माझ्या मोज्यात! मी बघतेय आणि हा टेंटच्या दोऱ्या अशा मन लावून आवळतोय की जणू काही वादळच येणार आहे. मग म्हणाला, "अगं, बॅग उणे 5 ची आहे, काही होत नाही."

मी भांडले नाही. त्याची एक पातळ फोमची मॅट होती (स्वतःची आणली होती, हे लक्षात घ्या), ती उचलली, माझ्या बाजूला अंथरली, सॅक रिकामी करून पाठीकडची जाड बाजू वर ठेवून पायाखाली घेतली आणि म्हटलं, तुझीही बॅग उणे 5 चीच आहे ना, झोप मग.

तो झोपला, म्हणजे आडवा झाला. थोड्या वेळाने बॅगेची चेन उघडल्याचा आवाज, मग जॅकेट चढवल्याचा, मग परत चेन. मग या कुशीवरून त्या कुशीवर. मग पँटवर पँट. मध्यरात्र उलटल्यावर अंधारातून हळूच आवाज आला, "वरून काही नाही गं, पाठीलाच लागतंय." हे वाक्य मी आजपर्यंत जपून ठेवलंय, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे आणि तो त्याच्याच तोंडून आलाय. त्याच्या सॅकला लटकवलेला छोटा थर्मामीटर टेंटमध्ये होता, त्यावर टॉर्च मारला तर अधिक 2. उणे 5 ची बॅग, अधिक 2 ला हरली होती.

शेवटी मीच मॅट आडवी टाकली, म्हणजे दोघांच्याही खांद्यापासून कमरेपर्यंतच्या भागाखाली येईल अशी, दोघांच्या सॅक पायाखाली, दोरीची वेटोळी गुडघ्यांखाली. दहा मिनिटांत घोरायला लागला. (मॅट कमी पडली तर ही युक्ती खरंच चालते. धड गरम राहिलं की पाय थोडे फार निभावतात.)

आता हे असं का होतं ते सांगते, म्हणजे तुमच्या बायकोला तुम्हाला समजवायचे कष्ट नकोत. बॅग गरम ठेवते ती आतल्या पिसांत किंवा फायबरमध्ये अडकलेल्या हवेमुळे. तुम्ही त्यावर झोपलात की अंगाखालचा भाग तुमच्याच वजनाने चपटा होतो, हवा निघून जाते, आणि तुमच्यात आणि जमिनीत उरतात दोन कापडं. जमीन रात्रभर उष्णता ओढत राहते, तिला थांबवायचं काम फक्त मॅट करते. मॅटवर आर-व्हॅल्यू म्हणून आकडा असतो, तो जितका जास्त तितकी मॅट उष्णता जास्त अडवते. साधी पातळ फोमची 2 च्या आसपास, कडाक्याच्या थंडीला 4-5 तरी हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, म्हणून फोमची खाली आणि हवेची वर, हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. हवेची फुटली तर फोमची असतेच. आणि दिसायला जाड म्हणजे गरम असं नाही हां, आत काहीच इन्सुलेशन नसलेली पोकळ हवेची मॅट कितीही फुगीर असली तरी थंडीत कुचकामी.

आता लेबलवरचा आकडा. चांगल्या कंपन्यांच्या बॅगा आयएसओ 23537 या स्टँडर्डने तपासतात, आधी युरोपात ईएन 13537 होतं. त्यात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. कम्फर्ट हा सर्वसाधारण बाई निवांत पसरून झोपेल त्याचा, लिमिट हा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी झोप काढेल त्याचा, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचण्यापुरता, त्याकडे बघूच नका. बॅगेवर मोठ्या अक्षरात बऱ्याचदा लिमिटच छापलेला असतो आणि कम्फर्ट त्याच्यापेक्षा साधारण 5-6 डिग्रीने वर असतो. म्हणजे तुमची उणे 5 ची बॅग तुमच्या बायकोसाठी शून्याच्या आसपासची बॅग आहे. हे मनावर नाही, हे लेबलवर आहे. आणि ही सगळी चाचणी करतात तेव्हा बॅगेत माणसाऐवजी तापवलेला पुतळा ठेवतात, त्याला आतले कपडे घातलेले असतात आणि बॅगेखाली मॅट असते! मॅट धरूनच तो आकडा आलेला आहे, मॅट काढली की त्या आकड्याला अर्थ राहत नाही. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं की "त्या दिवशी मी जेवलोच कमी होतो, म्हणून वाजली थंडी." आजही तेच म्हणतो. एकदा वाऱ्यावरही ढकलून बघितलं त्याने, पण टेंटच्या आत कुठला वारा.

बरं, जादाचं जॅकेट. तेही न्यायचं. चढताना अंगात जितकं कमी तितकं बरं, निघताना किंचित कुडकुडायलाच हवं, कारण घामाने भिजलेले कपडे थांबल्यावर जीव काढतात. कॉटनचा बनियन तर अजिबात नको, तो घाम धरून ठेवतो. तर हे जॅकेट चालण्यासाठी नसतंच मुळी, थांबल्यावर बाकीच्या सगळ्यावरून चढवायचं असतं, म्हणून ते सॅकमध्ये सगळ्यात वर. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, काय वाट्टेल ते झालं तरी चालताना घालायचे नाहीत.

सॅक भरायचं विचारलंत तर तळाशी स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे, जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, टॉर्च-टोपी-हातमोजे वरच्या कप्प्यात, फोमची मॅट बाहेर बांधा, ती भिजली तरी पुसून वापरता येते. सॅकच्या आत एक मोठी जाड पिशवी घालून त्यात सगळं भरा, रेनकव्हरवर माझा विश्वास नाही.

काही सुट्ट्या गोष्टी, ज्या लोक थंडीत विसरतात. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, मग सकाळी तोंड मोकळं मिळतं. नळीने प्यायची पाण्याची पिशवी नेऊ नका, नळी पहिली गोठते. पोकळ धाग्यांचा वॉटर फिल्टर असेल तर तो बॅगेत घेऊन झोपा, एकदा आतून गोठला की निकामी होतो आणि वरून काही कळत नाही. फोन आणि पॉवर बँकही जवळच. गॅसच्या कॅनिस्टरमध्ये नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास तो पेटणारच नाही, त्याचा उत्कलनबिंदूच उणे 0.5 आहे, आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्स घ्या. आणि बाहेर कितीही थंडी असली तरी टेंटच्या आत स्टोव्ह नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपताना गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरा, झाकण दोनदा तपासून. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नका, श्वासाच्या वाफेने बॅग ओली होते. दारूने ऊब येते असं कोणी म्हणालं तर त्याला मुक्कामाला नेऊच नका, कातडीकडचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, शरीर उलट थंड होतं.

जागेचं एक राहिलं. उंची 1000 मीटरने वाढली की सरासरी 6.5 डिग्री कमी होतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री थंड हवा खाली उतरून दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे तळापेक्षा थोडं वर उतारावर टेंट लावलेला कधी कधी जास्त उबदार पडतो.

हे सगळं शून्याच्या थोडं खाली-वर जाणाऱ्या रात्रीसाठी लिहिलंय. बर्फात राहणार असाल तर माझ्या सांगण्यावर जाऊ नका, सोबत जाणकार माणूस घ्या. आणि कोणी बरळायला लागलं, चालताना अडखळायला लागलं, किंवा कुडकुडणं थांबलं पण माणूस गरम झालेला नाही, तर आता बरं वाटतंय असं समजू नका, ते जास्त वाईट लक्षण आहे, लगेच कोरडं करून गुंडाळा आणि मदत मागवा.

10 किलोचं गणित मात्र तुम्हालाच जमवावं लागेल, मी काही तुमची सॅक बघितलेली नाही. पण तुम्ही दिलेल्या यादीत शेवटून तिसऱ्या ओळीत ट्रायपॉड आहे, त्याच्या वजनाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं दिसत नाही.