ज्याला उलट म्हणता येते, त्यालाच म्हणावे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मजकूर वाचला. "काका, मी गमतीने म्हणालो होतो, फौंड्रीत सगळेच असे बोलतात, मग मलाच का धरले?" या प्रश्नाभोवती तू इतका फिरला आहेस की, तुझी झोप उडालेली असणार हे मला दिसते. घरचे वळण, कामाची जाण, माणसांविषयीची आस्था यांपैकी कशाबद्दलही तुला काही सांगण्याची गरज नाही. ते तुझ्यापाशी आहे म्हणूनच तू बेचैन आहेस. तेव्हा धीराचे शब्द वगळतो आणि मुद्द्यावर येतो.

घडले ते इतकेच. आयटीआयहून आलेल्या शिकाऊ मुलाने साच्यात कोअर, म्हणजे ओतीवात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, उलटा बसवला, तू सगळ्यांसमोर "परत असं केलंस तर भट्टीत घालीन तुला" म्हणालास, आजूबाजूचे हसले, तोही हसला, आणि सोमवारपासून तो कामावर आलेला नाही. त्याच्या वडिलांनी ऑफिसात येऊन विचारणा केली आणि आता तुझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला आहे. तुझा सगळा बचाव "तोही हसला होता" या एका वाक्यावर उभा आहे. हे वाक्य खुलाशात लिहू नकोस. ते खरे आहे, पण तुझ्या बाजूचे नाही.

बोलण्यातली मारामारी काढून टाक, असे मी तुला कधीच सांगणार नाही. तालमीच्या कट्ट्यावर आणि मिसळीच्या टेबलावर माझे आयुष्य गेले आहे. "तंगडं मोडीन" हे इथे जवळिकीचे बोलणे असते, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना मीच समजावत आलो आहे. पण ते जवळिकीचे का असते, याचा तू विचार केलेला नाहीस. एक जण म्हणतो, "तंगडं मोडीन तुझं." दुसरा म्हणतो, "मोड की मर्दा, आधी हात तर पुरू दे हितपर्यंत." हसू येते ते या दुसऱ्या वाक्याला. पहिले वाक्य एकटे ठेवून बघ, त्यात गंमत शोधून सापडणार नाही. दुसऱ्याने उलट म्हटले की पहिल्याची थट्टा होते आणि त्याला उलट म्हणता आले नाही तर पहिल्याची धमकीच राहते, मग म्हणणाऱ्याच्या मनात काहीही असो. म्हणून मी एकच नियम जन्मभर धरून ठेवला आहे: ज्याला तेच वाक्य तितक्याच मोकळेपणाने तुला उलट म्हणता येते, त्यालाच ते म्हणावे.

आपल्या कोल्हापुरात, कुस्तीच्या गावात, हे सांगावे लागू नये. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानापासून ते खेड्यातल्या जत्रेच्या फडापर्यंत, कुस्ती लावण्याआधी जोड बघतात. वजन बघतात, तयारी बघतात, आणि न शोभणारी जोड लावली तर बघायला आलेली माणसेच ओरडतात. अस्मान दाखवणे, माती चारणे, चारी मुंड्या चीत करणे हे शब्द त्या मातीतून आपल्या तोंडी आले. ते उचलताना जोड बघण्याची रीत मात्र आपण मैदानातच ठेवून आलो.

आता तुझी जोड बघ. तू शिफ्टचा प्रमुख. तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आलेला मुलगा, ज्याला तो कायदा कामगारही मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. हजेरी तुझ्या हातात, शेरा तुझ्या हातात, पुढे कायम होण्याच्या वेळी कोणी विचारले तर तुझ्याच शब्दाला वजन. तो तुला "साहेब, तुम्हालाच भट्टीत घालीन" म्हणू शकला असता का? क्षणभर ते चित्र डोळ्यांपुढे आण. त्याने तसे म्हटले असते तर त्या शेडमध्ये कोणी हसले नसते, आणि खुलासा त्याला द्यावा लागला असता. मग तो हसला याचा अर्थ काय होतो? चार मोठी माणसे हसत असताना अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला हसण्यावाचून दुसरे काय करता येते? हे तुला कळत नाही असे मी मानायला तयार नाही. तू स्वतः शिकाऊ होतास तेव्हा असाच हसला आहेस, आणि घरी जाऊन जेवला नाहीस, हे तूच मला सांगितले होतेस.

शिवाय तू ज्या जागी उभा राहून हे बोललास, ती जागा विसरू नकोस. मिसळीच्या टेबलावर "भट्टीत घालीन" म्हणजे हवेतली गोष्ट. तिथे, तुमच्या शेडमध्ये, ती भट्टी पंधरा पावलांवर आहे आणि तिच्यात चौदाशे अंशांच्या आसपास तापलेले लोखंड आहे. ओले भंगार आत गेले तर क्षणात वाफ होऊन धातू उसळतो, हे त्या मुलाला तूच पहिल्या आठवड्यात शिकवलेस. ज्या दिवशी त्याने ते लेडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतून, साच्यात ओतताना पहिल्यांदा जवळून पाहिले असेल, त्या दिवसापासून ती भट्टी त्याच्या स्वप्नात येत असणार. आणि एक गोष्ट, जिच्याकडे तुमच्यापैकी कोणीही बघत नाही: फौंड्रीत "मरशील, मागं हो" हे वाक्य ऐकताक्षणी पाय मागे गेले पाहिजेत. मरण्या-मारण्याची भाषा दिवसभर गमतीत फिरत राहिली, तर ज्या क्षणी ती खरी असते त्या क्षणी ऐकणारा मान वर करून आधी तुझा चेहरा बघतो, की हे खरे की थट्टा. तेवढ्यात लेडल यायचा तो येतो. बाकी काही पटले नाही तरी प्रमुख म्हणून एवढे तरी तुला पटलेच पाहिजे.

तू आजीचे उदाहरण देशील, ते मला माहीत आहे. "मुडदा बशिवला तुझा" म्हणत आपल्या आज्यांनी आपल्याला वाढवले आणि आजीला उलट "मुडदा बशिवला" म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. मग नियम मोडला का? मोडला नाही. उलट उत्तर तोंडानेच द्यावे लागते असे नाही. नातू वाकुल्या दाखवून पळत होता, फडताळातला गूळ चोरत होता, आणि तिन्हीसांजेला तिच्याच मांडीवर येऊन झोपत होता. त्याला माहीत होते की हिच्यापासून आपल्याला काही होणार नाही, आणि ते तो रोज वागून दाखवत होता. तुझ्या शिकाऊ मुलाने तुला वाकुल्या दाखवल्या असत्या तर चालले असते का? आणि ज्या घरात आजी नव्हती, चुलत्याच्या भाकरीवर पोर वाढत होते, तिथे हाच मुडदा त्या पोराला कसा ऐकू येत होता, हे त्या पोरांनाच विचारायला हवे.

हा नियम पाळण्याची किंमत पडते, हेही तुला सांगितले पाहिजे. माझा एक मित्र होता. एका तालमीत आम्ही लहानाचे मोठे झालो, एकाच कारखान्यात साचे करणारे मोल्डर म्हणून लागलो, आणि एकमेकांचा मुडदा पाडल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे. पुढे मला सुपरवायझर केले आणि तो मोल्डरच राहिला. त्या दिवसापासून मी त्याला तसे काही म्हणणे बंद केले. तो मला म्हणत राहिला. त्याला ते म्हणता येतच होते, कारण माझे काहीही त्याच्या सहीवर अवलंबून नव्हते. त्याची रजा आणि त्याचा ओव्हरटाइम माझ्या सहीवर होता. थोड्याच दिवसांत त्याच्या हे लक्षात आले आणि तो म्हणाला, "साहेब झालास तू." मी त्याला हेच समजावले, जे आज तुला सांगतो आहे. त्याला ते पटले नाही. त्याला वाटले, मी अंतर ठेवतो आहे आणि त्याला तत्त्वाचे नाव देतो आहे. मग त्यानेही बोलणे आवरते घेतले. मुलांच्या लग्नांना आम्ही एकमेकांकडे गेलो, ते पाहुण्यासारखे. निवृत्त झाल्यावर आता जोड पुन्हा सारखी झाली, म्हणून महाद्वार रोडवर भेटलो तेव्हा मी मुद्दाम जुन्या आवाजात हाक मारून "मुडदा पाडीन" म्हटले. तो सभ्यपणे हसला आणि "नमस्कार" म्हणाला. त्याने मला नमस्कार करावा, याचे दुःख मला आजही आहे.

तरीही मी तेव्हा बरोबरच होतो. मंदीच्या दिवसांत ओव्हरटाइमची यादी कापायची वेळ आली, तेव्हा इतरांबरोबर त्याचेही नाव कापावे लागले. आदल्या दिवशी मी त्याला हसत हसत "पोटावर पाय देईन तुझ्या" म्हटलेले असते, तर दुसऱ्या दिवशीची ती यादी त्याने कशी वाचली असती? मागचे प्रत्येक वाक्य त्याने उलगडून पाहिले असते, की यांपैकी गमतीचे कुठले होते. तेवढे तरी मी त्याच्या वाट्याला येऊ दिले नाही. मैत्री गेली, पण माझ्या सहीची भीती मी थट्टेत कधी मिसळली नाही. लोक मला ताठ म्हणाले, मास्तर म्हणाले. म्हणू देत. ज्याला उलट म्हणता येते, त्यालाच म्हणावे. यात मला एक अक्षर बदलावेसे वाटलेले नाही.

एकदा हा नियम हातात धरलास की बाकीच्या जागा आपोआप दिसू लागतात. उद्या तुझे लग्न होईल. "मुंडकं उडवीन" असे चारचौघांत बायकोला गमतीने म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यापैकी किती जणांना त्यांची बायको सासू-सासऱ्यांसमोर तेच उलट म्हणू शकते, ते बघ. तुमच्या वयाची मुले अवघड पेपर गेला की "बलात्कार झाला" म्हणून मोकळी होतात. ऐकणाऱ्यांत बसलेली एखादी मुलगी त्यावर काय म्हणू शकेल, ते बघ. "जा, रंकाळ्यात उडी मार" हे तर आपण सगळेच म्हणतो. ते म्हणताना एवढेच लक्षात ठेव की रंकाळ्यात आणि पंचगंगेत माणसांनी खरोखर उड्या मारलेल्या आहेत, आणि ज्याच्या मनात तो विचार आधीच घर करून असतो, त्याच्याजवळ तुला देण्यासारखे उलट वाक्यच नसते. तो फक्त "बरं" म्हणतो.

आणि जो समोरच नाही, त्याला तर उलट म्हणण्याची सोयच नाही. कोणा नेत्याचा, कोणा लेखकाचा राग आला की "घाला गोळ्या त्याला" म्हणत चहाचा कप खाली ठेवणारी माणसे मी या शहरात पाहिली आहेत. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी याच शहरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि २० तारखेला पानसरे मुंबईत उपचार चालू असताना गेले. त्यांचे विचार तुला पटोत न पटोत. त्यानंतर ते वाक्य कोल्हापुरात कोणी गमतीने उच्चारले की मी तिथून उठतो, मग ते घर माझ्या सख्ख्या भावाचे का असेना. अलंकारिक बोलणे, म्हणतात. ज्या गोष्टी आपल्या गावच्या रस्त्यावर घडलेल्या आहेत, त्या अलंकारात बसत नाहीत.

तू कायद्याचेही विचारले आहेस. धमकीबद्दलचे कलम भारतीय न्याय संहितेत आहे, ३५१ क्रमांकाचे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता लागू झाली. त्यात भीती घालण्याचा किंवा माणसाकडून काही करून घेण्याचा हेतू पाहिला जातो. तुझा तसा हेतू नव्हता, म्हणून त्या बाजूने घाबरून जाऊ नकोस. पण कायद्याने धरले नाही म्हणून तुझे बरोबर ठरले, असे मला कोणी सांगू नये, आणि तू तर मुळीच सांगू नकोस.

खुलासा दोन ओळींचा लिही: काय म्हणालो, कोणाला म्हणालो, ते म्हणायला नको होते. "वातावरण खेळीमेळीचे होते" वगैरे एक शब्द नको. मग रविवारी त्याच्या गावी जा, एकटा जा, कंपनीचे जाकीट न घालता जा. पेढ्यांचा बॉक्स नेऊ नकोस. तो नेलास की त्याच्या घरच्यांना तुला माफ करणे भाग पडते, आणि ती पुन्हा बेजोड कुस्ती झाली. बोलायचे ते त्याच्याशी बोल, वडिलांशी नंतर. "मनावर घेऊ नकोस" असे चुकूनही म्हणू नकोस, कारण मनावर काय घ्यायचे ते त्याचे त्याला ठरवू दे. तो काही टोचून बोलला तर ऐकून घे आणि वडील त्याला गप्प करू लागले तर त्यांना थांबव. कोअर उलटा का बसला, तेही त्याला विचार. माझ्या अनुभवाप्रमाणे कोअरवरची खूण पुसट असते आणि ती कोणीच रंगवून घेत नाही. तसे असेल तर ती सोमवारी सकाळी स्वतः रंगवून घे. तो परत यायला तयार नसेल तर जबरदस्ती करू नकोस. साच्यांचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये किंवा तपासणी विभागात दुसऱ्या प्रमुखाच्या हाताखाली त्याचे उरलेले महिने पूर्ण होतील अशी व्यवस्था ऑफिसकडून करून घे, आणि झाली की नाही याची चौकशी स्वतः करत राहा.

तुझा,
काका