गॅलेक्टिन-३ वर प्रोजेक्ट घेतलायस? मग आधी एवढं बघ

नांदेडला एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अन् विषय गॅलेक्टिन-३, म्हणजे साखरेला धरणारं एक प्रथिन! हिंमत आहे तुझी, छान. घरचे विचारतीलच, साखर खाल्ल्यानं कॅन्सर पसरतो का? सांग त्यांना, ही चहातली साखर नव्हे, पेशीवरच्या प्रथिनांना लागलेल्या शर्करासाखळ्या. रक्तातून फिरणाऱ्या कर्करोगपेशीवर म्यूक-१ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीला गॅलेक्टिन-३ पकडतं अन् ती पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटू शकते. सध्या एवढंच धर, बाकीची गॅलेक्टिनं नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, गॅलेक्टिनला अडवतं; त्यानं पेशींचं चिकटणं थांबलं की लगेच खूश होतात. शेजारी तेवढ्याच तीव्रतेचं सुक्रोज (साधी साखर) हवंच. गॅलेक्टिन सुक्रोजला धरत नाही. त्यानंही थांबलं, तर कारण दुसरंच आहे.
- ट्रिप्सिन या विकरानं पेशी तळापासून सोडवतात, मग पृष्ठभागावरची प्रथिनंच कापली जातात. ईडीटीए वापर, ते प्रथिनं न कापता पेशी सोडवतं.

रक्तपेशींच्या गुठळ्यांच्या चाचणीच्या सरावाला शेंगदाण्याचं लेक्टिन (साखरेला धरणारं प्रथिन) नको, मोंढ्यात शेंगा कितीही स्वस्त असोत. साध्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या ते करत नाही, आधी न्यूरामिनिडेज हे विकर लागतं. फणसाच्या आठळ्या आण, त्यांचं लेक्टिन त्याशिवायच गुठळ्या करतं. प्लेटच्या तळाशी घट्ट लाल ठिपका बसला तर गुठळी नाही. पातळ चादर पसरली तर झाली.