रविवारी सुरू होणारी गाडी आणि ऑइलचा दाब

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. नोकरीसाठी लोकलने जात असल्याने माझी सात वर्षांची पेट्रोल गाडी आठवडाभर सोसायटीत उभीच असते. गेल्या सर्व्हिसिंगपासून रविवारी ती सुरू केली की तीन-चार सेकंद इंजिनात खडखड होते आणि ऑइलचा लाल दिवाही उशिरा विझतो. मेकॅनिक २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल घालायला सांगतो, तर एक परिचित दाबाखाली ऑइल साठवणारी वेगळी टाकी बसवण्याचा आग्रह धरतात. काय करावे?

उत्तर : आपण सर्व्हिसिंगचा उल्लेख केलात, म्हणून माझा पहिला संशय फिल्टरवर आहे. ऑइल फिल्टरमध्ये रबराची एक लहान झडप असते. इंजिन बंद असताना फिल्टरमधले ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, उतरू नये, हे तिचे काम. स्वस्त फिल्टरमध्ये ही झडप नीट बसली नाही, तर इंजिन सुरू होताना पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो आणि मगच ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचते. इंजिनाच्या झडपांची वेळ साधणाऱ्या साखळीला (टायमिंग चेनला) ताणून धरणारा टेन्शनरही बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावरच चालतो, त्यामुळे खडखड तिथली असू शकते. कंपनीने सांगितलेलाच फिल्टर बसवून घ्या.

दाट ऑइल मात्र घालू नका. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलच्या तुलनेत २०डब्ल्यू-५० थंड इंजिनात दुपटीहून अधिक दाट असते. गेजवर दाब वाढलेला दिसेल, पण तो अडथळ्याचा दाब असतो आणि ऑइल उलट उशिरा पोहोचते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच ग्रेड वापरावा.

टाकीची कल्पना चुकीची नाही. तिच्यात पिस्टनच्या एका बाजूला दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला ऑइल असते. स्टार्टर फिरण्याआधी झडप उघडली की ते ऑइल इंजिनात शिरते. शर्यतीच्या गाड्यांत, जिथे लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरून पंप हवा ओढू लागतो, तिथे तिचा खरा उपयोग आहे. आपल्या गाडीत ती गळतीच्या चार नव्या जागा तेवढ्या देईल. शिवाय आठवडाभरात बेअरिंग कोरडी पडत नाहीत. पातळ थर टिकून राहतो.

सुरू केल्यावर रेस देऊ नका, अर्ध्या मिनिटाने हलक्या पायाने निघा. वॉचमनला किल्ली देऊन रोज पाच मिनिटे गाडी जागच्या जागी सुरू ठेवण्याची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही, कारण तेवढ्यात ऑइल तापत नाही आणि त्यात मिसळलेले पाणी व पेट्रोल उडून जात नाही. त्यापेक्षा आठवड्यात एकदा गायमुखच्या दिशेने, रहदारी नसताना, सलग अर्धा तास चालवा.

फिल्टर बदलूनही दिवा रेंगाळला, तर आधी डिपस्टिकवर पातळी पाहा आणि मग दिव्याच्या स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजून घ्या; चेन बदलण्याचा खर्च त्याआधी मान्य करू नका. चालत्या गाडीत दिवा लागला, तर मात्र तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.