टोनी पुरस्कार मिळवलेला नट ७ वर्षे मुखवट्याआड राहिला, तो वाया गेला का? रंगभूमीवरील नटाने अशी भूमिका घ्यावी का?

आपण लातूरचे आहात, हौशी रंगभूमीवर काम करता आणि एका विज्ञानकथेवरील मालिकेत परग्रहावरच्या माणसाची भूमिका आपल्याकडे चालून आली आहे. तीत डोळे आणि ओठ सोडून सगळा चेहरा रबरी मुखवट्याखाली जाणार आहे. आपल्या संस्थेतील ज्येष्ठ मंडळी म्हणतात की रेने ओबेरजॉनवा यांच्यासारखा नट ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या अंतराळावरच्या अमेरिकी मालिकेत असाच चेहरा झाकून राहिला आणि वाया गेला; हे खरे आहे का आणि आपण काय करावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. ज्यांनी हे आपल्या कानात घातले त्यांनी या नटाचे काम पाहिलेले नाही, असे माझे मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

ओबेरजॉनवा यांचा जन्म १९४० साली न्यूयॉर्कमध्ये झाला. ते नाट्यशिक्षण घेऊन १९६२ मध्ये कार्नेगी या शिक्षणसंस्थेतून बाहेर पडले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन कॉन्झर्व्हेटरी थिएटरच्या अगदी सुरुवातीच्या नटसंचात होते. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये ली जे. कॉब यांच्या लिअर राजासमोर त्यांनी विदूषकाची भूमिका केली. पुढच्याच वर्षी ‘कोको’ हे संगीत नाटक आले. त्यात कॅथरीन हेपबर्न नायिका होती, म्हणजे प्रेक्षकांचे डोळे कोणाकडे लागलेले असणार हे सांगायला नको. तरीही सहायक भूमिकेचा १९७० चा टोनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार, ओबेरजॉनवा यांनी मिळवला. पुढे १९७४, १९८५ आणि १९९० मध्ये त्यांना टोनीची नामांकने मिळाली. ‘बेन्सन’ या विनोदी मालिकेतला गव्हर्नरच्या पदरचा शिष्ट अधिकारी त्यांचा, आणि ‘द लिटल मर्मेड’ या १९८९ च्या चित्रपटात खेकड्यामागे सुरी घेऊन धावणाऱ्या फ्रेंच आचाऱ्याचा आवाजही त्यांचाच. नायक म्हणून ते कधी ओळखले गेले नाहीत. ते पहिल्यापासून चरित्र अभिनेते होते आणि चरित्र अभिनेत्याच्या कारकिर्दीला नायकाच्या कारकिर्दीचे माप लावणे हीच मुळात चुकीची सुरुवात आहे.

आता ओडोविषयी, म्हणजे ‘डीप स्पेस नाइन’मधल्या त्यांच्या पात्राविषयी. अंतराळ स्थानकावरचा हा सुरक्षा अधिकारी मूळचा द्रवरूप आहे. त्याला हवा तो आकार घेता येतो, पण माणसाचा चेहरा नीट साधत नाही, म्हणून त्याचे नाक, कान आणि कपाळ घडवता घडवता अर्धवट सोडून दिल्यासारखे गुळगुळीत आहे. त्या मालिकेची रंगभूषा मायकेल वेस्टमोर यांच्याकडे होती. फोम लॅटेक्सचा, म्हणजे मऊ फेसाळ रबराचा, असा मुखवटा काढताना फाटतो, त्यामुळे प्रत्येक चित्रीकरणासाठी नवा चिकटवावा लागतो. ज्या कपाळावर आठी पडत नाही आणि ज्या भुवयांना केस नाहीत, त्या चेहऱ्याने १९९३ ते १९९९ असे सात हंगाम रागीट, एकाकी आणि न्यायनिष्ठुर माणूस उभा करायचा होता.

पहिल्या हंगामातला ‘द फॉरसेकन’ हा भाग आपण आवर्जून पाहा. ओडो लिफ्टमध्ये अडकतो आणि त्याच्यासोबत असते लुआक्साना ट्रॉय (ही भूमिका मेजेल बॅरेट यांची), जिचे बोलणे थांबत नाही. दर १६ तासांनी ओडोला आपल्या द्रवरूपात जावे लागते आणि ती वेळ जवळ येत जाते. दुसऱ्या कोणासमोर तसे होण्याची त्याला लाज वाटते. हे सारे ओबेरजॉनवा खांद्यांतून, मानेतून आणि तुटत जाणाऱ्या खरखरीत आवाजातून दाखवतात. शेवटी ती बाई स्वतःच्या डोक्यावरचा केसांचा टोप उतरवून ठेवते, आपल्या वस्त्राचा ओचा पसरते आणि ओडो त्यात विरघळतो. एवढ्या वेळात त्या मुखवट्याची एक रेघही हललेली नसते, आणि तरी माणूस लाजेकडून विश्वासाकडे कसा येतो ते आपण पाहिलेले असते.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्याचे कारण परभणीत घडलेले आहे. तिथल्या एका हौशी संस्थेत मी बरीच वर्षे काम केले. शाळेच्या सभागृहात रात्री तालमी चालत. एका स्पर्धेसाठी आम्ही घेतलेले नाटक ज्वारीच्या राखणीवरचे होते. नवरा वारल्यावर एकटीने रान करणारी एक बाई आणि हुरड्यात आलेल्या ज्वारीत उभे असलेले बुजगावणे, अशा दोन पात्रांवर ते नाटक तोलले होते, कारण रात्री ते बुजगावणे बोलू लागते. बुजगावण्याची भूमिका माझ्याकडे आली. दोन्ही हात आडव्या वेळूला बांधलेले आणि डोक्यावरून गळ्यापर्यंत पोते, त्यावर काळ्या रंगाने काढलेले दोन डोळे, एवढाच माझा वेष होता.

पोते तुरीचे होते. कितीही झटकले तरी श्वासाबरोबर भुसकटाची धूळ घशात जाई, आणि पहिल्या प्रवेशातच तोंडापुढचा भाग ओला होऊन ओठांना चिकटे. खरी अडचण आवाजाची होती. शेवटच्या रांगेत बसून तालीम ऐकणाऱ्या मुलाला माझ्या बोलण्याची नुसती गुणगुण ऐकू येत होती. दिग्दर्शकांनी, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू, तोंडाच्या जागी भोक पाडायला सांगितले. तसे केले असते तर आत हलणारे ओठ दिसले असते आणि बुजगावणे तिथेच संपले असते. मी घरी बसून त्या जागेचे आडवे धागे सुईने एकेक करून उसवून काढले आणि उभे तसेच ठेवले. प्रेक्षकांतून पोते अखंड दिसे आणि आवाज मात्र मोकळा बाहेर येई. त्याच्या जोडीला प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर गिळायचे नाही, ‘ळ’ आणि ‘ण’ पूर्ण उच्चारायचे, अशी सवय मी जिभेला लावली.

प्रकाशयोजनेच्या तालमीत आणखी एक गोष्ट सापडली. दिवा वरून पडत होता. मान दोन बोटे खाली गेली की पोत्याच्या घडीची सावली रंगवलेल्या डोळ्यांवर येई आणि डोळे मिटल्यासारखे दिसत; मान तिरकी केली की बुजगावणे कान देऊन ऐकते आहे असे वाटे. खुर्च्यांमध्ये उभा असलेला माझा एक मित्र ‘आणखी थोडी, बस, आता परत वर’ असे सांगत होता आणि मी आत काहीही न दिसता मानेचे हे माप पाठ करत होतो. त्या रात्री मला अभिनयातले जेवढे कळले तेवढे उघड्या चेहऱ्याने केलेल्या कोणत्याही भूमिकेत कळले नव्हते.

नाटकात एक प्रवेश असा होता की थंडीच्या रात्री ती बाई नवऱ्याचा सदरा आणून बुजगावण्याच्या अंगात घालते. संवाद एकही नाही. ती खालून वर गुंड्या लावत येते आणि छातीवरच्या गुंडीपाशी तिचा हात थांबतो. नेमक्या त्या क्षणी मी रोखून धरलेला श्वास सोडायचा, म्हणजे तिच्या बोटांखाली सदरा हलायचा आणि ती दचकून हात काढून घ्यायची. प्रयोगात हा क्षण आला तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई ‘अगं माय, जित्तं हाय ते!’ असे मोठ्याने बोलून गेली. एखाद्या नटाला याहून काय मिळवायचे असते?

बक्षिसे जाहीर झाली तेव्हा नाटकाला दुसरा क्रमांक मिळाला, त्या बाईचे काम करणाऱ्या आमच्या सहकारी ताईंना अभिनयाचे प्रमाणपत्र मिळाले आणि ते त्यांच्या हक्काचेच होते. माझ्याबद्दल एका परीक्षकांनी नंतर सांगितले की चेहराच दिसला नाही, मग गुण कशाला द्यायचे? परीक्षक परके असतात, त्यांचे मी मनावर घेतले नसते. लागले ते आमच्या सरांचे बोलणे. सगळ्या मंडळींसमोर ते म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. चेहरा हा नटाचा सातबारा असतो. तोच दाखवला नाही तर जमीन तुझी आहे हे कोणी मानावं?” तेव्हापासून हा वाद आमच्यात चालू आहे.

काही वर्षांनी मुलाच्या संगणकावर ‘डीप स्पेस नाइन’ पाहायला मिळाली आणि लिफ्टचा तो भाग मी सरांच्या घरी जाऊन त्यांना दाखवला. त्यांनी तो पूर्ण पाहिला, आवाजाचे कौतुक केले आणि म्हणाले, “हा आधी तोंड दाखवून मोठा झाला, मग त्यानं झाकून घेतलं. तुझं तसं नव्हतं.” हा आक्षेप आपल्या ज्येष्ठांकडूनही येईल, म्हणून त्याचे उत्तर इथे देतो. टोनी पुरस्काराने भूमिका मिळायला मदत झाली असेल, पण मुखवटा चढल्यावर तो पुरस्कार आत काहीही करू शकत नाही. ओडो पाहणाऱ्या बहुसंख्य लोकांनी ‘कोको’ पाहिलेले नव्हते. शिवाय स्टार ट्रेकच्याच १९९१ च्या चित्रपटात त्यांनी कर्नल वेस्ट केला होता, त्यात बैठकीच्या दृश्यात चेहरा पूर्ण उघडा होता, आणि चित्रपटगृहांत गेलेल्या आवृत्तीतून त्या कर्नलचे काम कापले गेले. उघडा चेहरा कात्रीतून वाचला नाही आणि झाकलेला सात हंगाम टिकला.

दुसरे उदाहरण अँड्रियास कात्सुलास यांचे आहे. दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी महाभारत रंगभूमीवर आणले म्हणून आपल्याकडच्या नाटकवाल्यांना ब्रूक हे नाव ठाऊक असते. त्याच ब्रूक यांच्या नटसंचात कात्सुलास कित्येक वर्षे होते. हा माणूस ‘बॅबिलॉन ५’ या अशाच अंतराळावरच्या मालिकेत गकार नावाचा परग्रहावरचा राजदूत झाला, ठिपक्यांच्या कातडीचा आणि लाल डोळ्यांचा. तिथे त्यांना आधीची कोणतीही प्रसिद्धी कामाला आलेली नव्हती. आणि आपल्या मराठवाड्याच्या माणसाला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकट्याने ५२ माणसे उभी करत. चेहरा तोच, रंगभूषा तीच, आणि माणसे मात्र वेगवेगळी. ती माणसे आवाजातून, पाठीच्या कण्यातून आणि पावलांतून येत होती. जे एका चेहऱ्यावर ५२ जणांना आणता येते ते चेहरा झाकूनही आणता येते, एवढे तरी सरांनी मान्य करायला हवे होते.

ओडो संपल्यावर ओबेरजॉनवा घरी बसले नाहीत, हेही ज्येष्ठांना सांगा. २००२ मध्ये ते ‘डान्स ऑफ द व्हॅम्पायर्स’ या संगीत नाटकातून ब्रॉडवेवर परतले, २००४ ते २००८ या काळात ‘बॉस्टन लीगल’मध्ये वकिलांच्या कचेरीतले वरिष्ठ भागीदार होते, आणि ८ डिसेंबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले तोवर काम करत राहिले.

तेव्हा भूमिका घ्या. माझी अट एकच आहे: आवाज आपलाच राहिला पाहिजे. मुंबईत चित्रीकरणानंतर दुसऱ्याकडून डबिंग करून घेण्याची पद्धत आहे, आणि ज्याचा चेहरा झाकला आणि आवाजही बदलला त्या नटाचे त्या भूमिकेत काहीच उरत नाही. हे तोंडी ठरवू नका, करारात लिहून घ्या. नामावलीत नाव येणार का, तेही त्याच वेळी विचारा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. दम्याचा त्रास असेल तर हे काम घेऊ नका. मुखवटा चिकटवण्याचा गोंद आदल्या दिवशी हातावर लावून कातडीला सोसतो का ते पाहा, आणि घाई झाली म्हणून कोणालाही तो मुखवटा ओढून काढू देऊ नका. त्याचे वेगळे द्रावण असते. नोकरी असेल तर रजेचा हिशेब आधी करा, कारण मुखवटेवाल्या नटाला सगळ्यांच्या आधी यावे लागते आणि सगळ्यांच्या नंतर निघता येते. आणि संवाद आधी वाचायला मागा. ओबेरजॉनवा यांच्यामागे चांगले लेखक होते. आपल्या पात्राला नुसते गुरकावण्यापलीकडे काही लिहिलेले नसेल तर वरचे माझे सगळे बोलणे आपल्याला लागू पडत नाही.

आपले ज्येष्ठ तरीही ऐकणार नसतील तर त्यांना एकदा तालमीला बोलवा, स्वतः डोक्यावर पोते घाला आणि त्यांना शेवटच्या रांगेत बसवून एक प्रवेश करून दाखवा. आमच्या सरांना मी त्या वेळी हेच सुचवले होते, पण ते प्रत्येक प्रयोगाला विंगेत उभे राहिले, आणि विंगेतून त्यांना पोत्याची फक्त मागची शिवण दिसत होती.