युक्रेन युद्धावर तज्ज्ञांची मतं एकमेकांच्या विरुद्ध असतात, मग ऐकायचं कुणाचं?

तुम्ही विचारलंय की एक प्रोफेसर म्हणतो युद्ध नाटोमुळे, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीमुळे पेटलं, दुसरा म्हणतो सगळा दोष पुतीनचा, दोघंही मोठे, मग आपण कुणाचं खरं धरायचं. मी गोव्यातल्या पेडण्याचा. मोरजीला आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत आणि गिऱ्हाईक बरंचसं रशियन, त्यामुळे फेब्रुवारी २०२२ पासून हा विषय आमच्या घरातलाच झालाय.

मी तज्ज्ञाचं मत अख्खं घेतच नाही. हे का झालं ते वेगळं आणि पुढे काय होणार ते वेगळं, कारण एकात हुशार असलेला माणूस दुसऱ्यात साफ चुकतो. शिकागो विद्यापीठाचे प्रोफेसर जॉन मिअरशायमर बघा. १९९३ मध्येच त्यांनी लिहिलेलं की युक्रेनने अण्वस्त्रं सोडू नयेत, रशियाला रोखायला तीच लागतील, पण १९९४ ला बुडापेस्टमध्ये कागदावरच्या हमीवर ती सोडायचं ठरलं, आज ते वाचताना अंगावर काटा येतो. मग २०१४ चा त्यांचा लेख, दोष पश्चिमेचा म्हणणारा, जो सगळे फॉरवर्ड करतात, त्यातच त्यांनी असंही म्हटलंय की युक्रेनला दाबायला जाणं म्हणजे साळिंदर गिळणं आणि पुतीनना ते नक्की कळतं. कळलं असेलही, तरी गेले ना!

अमेरिकन गुप्तचरांचंही तसंच, हल्ला होणार हे त्यांनी आधीच छातीठोक सांगितलं आणि तो झाला, पण कीव्ह काही दिवसांत पडेल हा अंदाज मात्र पार फसला, एप्रिल उजाडता उजाडता रशियन फौज कीव्हच्या आसपासहून मागे फिरली. फौज कुठे जमलीय ते सॅटेलाईटला दिसतं हो, पण समोरचा किती चिवटपणे लढेल ते कसं दिसणार?

आणि नेत्यांचं म्हणाल तर गोंयकाराला १९६१ आठवायला हवं, भारतीय फौज पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरली ते. पोर्तुगाल नाटोत होता, तिथला हुकूमशहा सालाझारला भरवसा होता की मित्र धावून येतील, कुणी आलं नाही, सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव आला तो सोव्हिएत व्हेटोने पडला. हे एखाद्या अभ्यासकाला आधी सांगता आलंही असतं. पण सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढा, आणि गोव्यातला त्याचा गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाने तो न पाळता १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, म्हणून आमचे लोक वाचले. त्या एका माणसाच्या मनात काय चाललंय ते कुठल्या तज्ज्ञाच्या गणितात बसणार होतं? झेलेन्स्की कीव्ह सोडून गेले नाहीत तेही मला तसंच वाटतं.

म्हणून टीव्हीवर कुणी ठामपणे म्हणाला की पुतीन आता हेच करणार, की मी आवाज कमी करतो आणि त्याच माणसाचं युद्धाआधीचं, २०२१ मधलं काही सापडतं का ते बघतो. तेव्हा चुकला असेल आणि कुठे चुकलो ते स्वतःहून लिहिलं असेल, तर त्याचं पुढचं मी नीट बसून वाचतो.