'सेकंडरी'ला मराठीत काय म्हणायचं?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीजवळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. जर्मनीतला त्यांचा भाचा घरी बियर करतो आणि 'या वेळी सेकंडरी फर्मेंटेशन करू की नको' या पेचात आहे. घरच्यांना हे मराठीत सांगायचं, तर 'दुय्यम किण्वन' चालेल का?

शब्दाला शब्द म्हणून चालेल. पण 'दुय्यम' म्हटलं की आपल्याला दुय्यम निबंधकाचं कार्यालय दिसतं, नाहीतर कमी दर्जा. 'किण्वन' पुस्तकी आहे, त्यातला 'किण्व' मात्र कौटिल्याच्या अर्थशास्त्राइतका जुना, सुरेच्याच प्रकरणातला. खरी अडचण अशी, की त्या टप्प्यावर किण्वन जवळपास आटोपलेलं असतं. यीस्टने साखर फस्त केलेली, फेस बसलेला. मग बियर नळीने दुसऱ्या भांड्यात घेतात, ती तळाचा गाळ मागे राहावा म्हणून. पुढे होतं ते निवळणं. गढूळ पाण्याच्या गुंडात तुरटी फिरवली की वऱ्हाडात म्हणतात, "पानी निवयलं." तोच हा शब्द.

म्हणून भाच्याचा प्रश्न असा मांडा: "बियर दुसऱ्या भांड्यात निवळायला ठेवू का?" असं विचारलं की उत्तर सोपं होतं. निवळायचं काम पहिल्या भांड्यातही होतं, आठवडाभर जास्त ठेवायची एवढंच. भांडं बदलताना हवा मिसळते आणि बियरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ शकतो. फळं घालायची असतील किंवा कित्येक महिने मुरवायची असेल, तरच दुसरं भांडं काढावं.

'किण्वन'ऐवजी 'आंबवणं' घ्यायला माझी हरकत नाही, महालक्ष्म्यांच्या आंबिलीमुळे तो घरोघरचा आहे. फक्त 'आंबवणं' आणि 'आंबणं' यांत गल्लत नको. पीठ आपण आंबवतो. वरण आंबतं, आणि मग ते फेकावं लागतं. "बियर आंबली" म्हटलंत तर मामी म्हणेल, "वाया गेली बिचारी."

गडचिरोली-गोंदियाकडचा 'सडवा' इथे बसत नाही. तो भिजवून फसफसत ठेवलेल्या मोहफुलांचा. धाडीच्या बातम्यांत हमखास दिसतो. सडवा थेट भट्टीवर चढतो, निवळायला त्याला सवड कोण देतो! 'पहिल्या धारेची'वरून कुणी 'दुसऱ्या धारेची' सुचवेल, तेही टाळा. धार भट्टीची असते आणि बियर भट्टीवर चढतच नाही. त्याच कारणाने 'बियर गाळली' म्हणू नका, आपल्याकडे गाळतात ती दारू. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, तेव्हा शेजाऱ्याने भलतंच ऐकायला नको.

खरोखर दुसऱ्यांदा आंबवणं होतं ते बाटलीत. भरताना लिटरमागे साधारण ५ ते ७ ग्रॅम साखर घालतात, उरलेलं यीस्ट ती खातं आणि बुच लावलेल्या बाटलीत वायू कोंडतो. 'दुसरं आंबवण' हे नाव त्या टप्प्यासाठी राखून ठेवा.