संगणकाला जोडलेल्या मल्टिमीटरवरून सेकंदाला दोनच रीडिंग येतात. जीपीआयबी (मोजमापाची उपकरणं संगणकाला जोडायची जुनी पद्धत) काढून लॅन (नेटवर्क केबल) लावलं तर वेग वाढेल का?

नाही, निदान तुम्ही वर्णन केलेल्या सेटअपमध्ये तरी नाही. पायथनच्या लूपमध्ये दर फेरीला 'मेझर' कमांड पाठवून तुम्ही डीसी व्होल्टेज वाचताय. एक रीडिंग म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा अक्षरं, ती जीपीआयबीवरून डोळ्याचं पातं लवायच्या आत येतात. वेळ जातोय तो मीटरच्या आत, आणि तोही तुमच्याच सांगण्यावरून.

हिशोबच करू. बऱ्याच साडेसहा अंकी मीटरना 'मेझर' म्हटलं की आधीचं सेटिंग पुसलं जातं आणि डिफॉल्ट परत येतं: ऑटोरेंज (रेंज मीटरने स्वतः शोधणं) चालू, ऑटोझीरो चालू, एनपीएलसी (एका रीडिंगसाठी मेन्सची, म्हणजे वीजपुरवठ्याची, किती आवर्तनं घ्यायची तो आकडा) १०. म्हणजे मेन्सची दहा आवर्तनं होईपर्यंत मीटर सिग्नलची सरासरी काढत बसणार. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणून २०० मिलिसेकंद. ऑटोझीरोमुळे प्रत्येक रीडिंगमागे आतलं शून्यही तेवढाच वेळ मोजलं जातं, झाले ४००. वर रेंज शोधणं वेगळंच. आले ना तुमचे सेकंदाला दोन?

सेटिंग लावणारी 'कॉन्फिगर' कमांड लूपच्या बाहेर एकदाच पाठवा. रेंज स्वतः ठरवून द्या, एनपीएलसी १ करा, ऑटोझीरो बंद करा आणि लूपमध्ये फक्त 'रीड' ठेवा. एवढ्यावरच पन्नासच्या आसपास पोचाल. माहितीपत्रकातला हजाराचा आकडा ०.०२ सारख्या एनपीएलसीवरचा असतो. तिथे मेन्सचा हम (५० हर्ट्झचा गोंगाट) थेट रीडिंगमध्ये शिरतो आणि शेवटचे अंक नाचायला लागतात. सिग्नलच झपाट्याने बदलत नसेल तर मी १ च्या खाली जात नाही. ऑटोझीरो बंद असताना तापमानाबरोबर शून्य सरकतं, म्हणून अधूनमधून त्याचा 'वन्स' (शून्य एकदाच मोजण्याचा) पर्याय पाठवत राहा.

याहून वेग हवा असेल तर एकेक रीडिंग मागणंच सोडा. सँपल काउंट १००० द्या, मीटरला स्वतःच्या मेमरीत साठवू द्या आणि सगळं एकदम उचला. फक्त पायव्हिसाचा (उपकरणांशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीचा) डिफॉल्ट टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, २ सेकंदांचा आहे आणि १ एनपीएलसीला हजार रीडिंगना २० सेकंद लागतात. तो आधी वाढवला नाहीत तर एरर येईल आणि उगाच केबलवर संशय जाईल.

दोन कमांडच्या मध्ये 'असू दे' म्हणून घातलेले स्लीप (थांबे) काढून टाका. काम संपल्याची खात्रीच हवी असेल तर 'ओपीसी' ('ऑपरेशन कम्प्लीट') विचारा. बायनरी फॉरमॅटच्या (आकडे अक्षरांऐवजी कच्च्या बाइट्समध्ये पाठवण्याच्या) नादी मीटरसाठी लागू नका. ऑसिलोस्कोपवरून लाखो पॉइंट ओढायचे असतील तेव्हा मात्र तो हवाच, आणि लॅनचा खरा उपयोगही तिथेच.

एसी मोजायचं झालं तर अडतं ते फिल्टरवर, म्हणजे किती कमी वारंवारतेपर्यंत मोजायचं हे ठरवणाऱ्या सेटिंगवर. ३ हर्ट्झचा फिल्टर लावलेला असेल तर एकेका रीडिंगला काही सेकंद जातात. सिग्नल ५० हर्ट्झचा असेल तर २० हर्ट्झचा फिल्टर पुरतो.